टाऊन हॉल रिकामा होतो तेव्हा

पुण्याहून आलेल्या पाहुण्याला गोंदिया जिल्ह्यात कुणी म्हटलं, "चला, मंडईला जाऊ," की त्याचा हात आपोआप पिशवीकडे जातो. आमच्याकडची मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. भाऊबीज झाली की गावोगाव एकेक दिवस ठरवून मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, मिठाई, सोयऱ्याधायऱ्यांच्या गाठीभेटी; रात्री दंडार हे लोकनाट्य नाहीतर झाडीपट्टीचं नाटक, तेही पहाटेपर्यंत. लेकी माहेरी आलेल्या असतात, लग्नाची बोलणीही तिथंच सुरू होतात. एवढ्या सगळ्या व्यापाला इमारत लागत नाही. गावाबाहेरचा आखर किंवा एखादं मोकळं शेत, मंडप, रंगमंच, झालं.

पुण्याच्या मंडईला मात्र इमारत आहे, आणि ती नुसती भाजीची नव्हती. १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, म्हणून तिचं पहिलं नाव रे मार्केट. खाली भाजीचे गाळे आणि वर नगरपालिकेची कचेरी, असा तिचा थाट होता. खाली वांगी, वर ठराव! नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. लोकांच्या शिक्षणाला पैसा हवा, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. पुण्यानं फुल्यांशी घातलेला हा वाद असा विचित्र रीतीनं मिटवला.

हे दोन अर्थ शेजारी ठेवले की एक प्रश्न निघतो. गावानं एकत्र जमायची जागा आणि गावाचा कारभार हाकायची जागा या एकच असाव्यात की वेगळ्या? टाऊन हॉल नावाच्या इमारतीची सगळी कहाणी या प्रश्नाभोवती फिरते. आज अशा जुन्या इमारती कारभारातून मोकळ्या होताहेत आणि त्यांचं काय करायचं हे जागोजागी ठरतं आहे, म्हणून ही कहाणी नीट पाहायला हवी.

इंग्लंडातल्या जुन्या बाजारगावांत पुण्याच्या मंडईसारखीच मांडणी सापडते. खाली खांबांवरचा उघडा बाजार, वर सभेची खोली. लेडबरी गावातलं सतराव्या शतकातलं असं बाजारघर अजून लाकडी खांबांवर उभं आहे. पुढे गावं श्रीमंत झाली, बाजार बाहेर गेला, वरची खोली फुगत गेली आणि तिच्याभोवती कारकुनांच्या खोल्या चिकटल्या. म्हणजे हॉल आधीचा, कचेरी नंतरची. हा क्रम लक्षात ठेवावा, पुढे कामाला येईल.

हिंदुस्थानात ही कल्पना आली तेव्हा तिनं रूप बदललं. कलकत्त्याचा टाऊन हॉल १८१३ चा. तो बांधणारा कर्नल जॉन गार्स्टिन हाच पाटण्याच्या प्रसिद्ध गोलघराचाही कर्ता. बांधायला पैसा उभा केला तो लॉटरीतून. मुंबईतही तीच युक्ती. १८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश यांनी स्थापन केलेल्या लिटररी सोसायटीला ग्रंथांसाठी जागा हवी होती, शहराला समारंभांसाठी दालन हवं होतं, आणि दोघांकडेही पैसा नव्हता. लॉटऱ्या काढल्या, त्या पुरल्या नाहीत, शेवटी सरकारनं हात दिला. कर्नल थॉमस कूपर यांच्या आराखड्याची ती इमारत १८३३ साली पुरी झाली. समोर डोरिक पद्धतीचे आठ जाड खांब, चढायला तीस पायऱ्या. या खांबांची एक गोष्ट मुंबईत सांगितली जाते. विलायतेहून आलेले खांब इतके जाडजूड निघाले, की जोडीजोडीनं लावायचा बेत सोडून एकेकच लावावा लागला आणि उरलेले भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला दिले. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, त्या पायऱ्यांखाली उभं राहून वर पाहिलं की ती पटते.

पण खरी नोंद घ्यावी ती वेगळी. मुंबईचा टाऊन हॉल नगरपालिकेची कचेरी कधी झालाच नाही. महापालिकेनं बोरीबंदरासमोर स्वतःची इमारत बांधली ती १८९३ साली. तोवर आणि त्यानंतरही टाऊन हॉल म्हणजे शहराचं मोठं दालन एवढंच. १ नोव्हेंबर १८५८ ला कंपनी सरकार संपून राणीचं राज्य आल्याचा जाहीरनामा इथल्याच पायऱ्यांवरून वाचला गेला. मुंबई विद्यापीठाचं सुरुवातीचं कार्यालय काही काळ इथं होतं. नाना शंकरशेट यांचा पुतळा आत बसला. आज तिथं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे आणि लोक या इमारतीला सरसकट 'एशियाटिक' म्हणतात. टाऊन हॉल हे नाव गळून पडलं, दालन तसंच राहिलं.

पुण्याच्या हिराबागेचं उदाहरण याच्याही पुढचं. ही मुळात पेशव्यांची बागेतली हवेली. नानासाहेबांनी १७५५ च्या सुमारास पर्वतीच्या तळ्याकाठी बांधलेली. दुसऱ्या बाजीरावानं लॉर्ड व्हॅलेन्शिया या इंग्रज पाहुण्याला मेजवानी दिली ती इथंच. पेशवाई बुडाली, आणि एकोणिसाव्या शतकात हीच जागा पुण्याचा टाऊन हॉल म्हणून वापरात आली. ११ मे १८७८ रोजी लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं मराठी ग्रंथकार इथं जमले, अध्यक्ष रानडे. आजच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाची मोजणी तिथून सुरू होते. जुन्या वास्तूचा नवा वापर म्हणजे काल परवा परदेशातून आलेली टूम, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं हा हिशेब मांडून पाहावा. पेशव्यांचा रंगमहाल लेखकांच्या सभेला आपल्या माणसांनी केव्हाच दिला होता.

कोल्हापूरला तर टाऊन हॉल म्हटलं की वस्तुसंग्रहालयच डोळ्यांसमोर येतं. चार्ल्स मँट या लष्करी इंजिनियरनं १८७२ ते १८७६ या काळात तो बांधला; नवा राजवाडाही त्याच्याच आराखड्याचा. उतरती छपरं, टोकदार मनोरे, भोवती बाग आणि बागेतल्या झाडांना लटकलेली वटवाघळं. १९४५-४६ मध्ये प्रा. कुंदनगार आणि डॉ. ह. धी. सांकलिया यांनी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन केलं. तिथं सातवाहन काळातल्या वस्तू निघाल्या, त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती होती. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी! या वस्तू ठेवायला संग्रहालय हवं झालं आणि १९४९ साली ते टाऊन हॉलात आलं. मोठं दालन होतं म्हणून मांडता आलं.

लंडनमध्ये मात्र टाऊन हॉल थेट लोकांचं केंद्र कसा झाला, हे फार स्पष्ट दिसतं. आणि त्या कहाणीत एक माणूस आपल्या भागात पाय मळवून गेलेला आहे.

शापूरजी सकलातवाला हा जमशेटजी टाटांचा भाचा, जन्म मुंबईचा, १८७४ चा. टाटांना पोलाद करायचं होतं आणि त्यासाठी लोखंडाची खाण हवी होती. म्हणून १९०४ च्या सुमारास दोराबजी टाटा आणि वेल्ड हा अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ यांच्यासोबत तो चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याच्या जंगलात बैलगाडीनं फिरला. तिथलं लोखंड टाटांच्या कामी आलं नाही. शापूरजी पुढे विलायतेला गेला तो तिकडचाच झाला. १९२२ साली उत्तर बॅटरसी मतदारसंघातून तो ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेला. एका टाटाच्या भाच्यानं मजुरांच्या वस्तीतून, कम्युनिस्ट असताना निवडून यावं, हा इतिहासाचा आगळाच विनोद.

या बॅटरसीचा टाऊन हॉल १८९३ चा, ई. डब्ल्यू. माउंटफर्ड या वास्तुविशारदाचा. याच नगरपालिकेनं १९१३ साली जॉन आर्चर यांना महापौर केलं. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्चर यांचे वडील बार्बाडोसचे. लंडनमधल्या नगरपालिकांचा पहिला कृष्णवर्णीय महापौर तो हाच. इमारतीच्या आत मोझेकची फरशी आहे, तिच्यावर मधमाश्या काढलेल्या: उद्योगी गावाची खूण. मागं मोठं दालन, राजकीय सभांपासून नाचगाण्यापर्यंत सगळ्याला खुलं.

मग १९६५ साली लंडनच्या नगरपालिकांची पुनर्रचना झाली. लहान लहान नगरपालिका एकत्र करून बत्तीस उरवल्या. बॅटरसी शेजारच्या वँड्सवर्थमध्ये विलीन झाली, आणि टाऊन हॉल रातोरात बिनकामाचा ठरला. असे कितीतरी टाऊन हॉल त्या वर्षी रिकामे झाले, कारण एका शहराला दोन सभागृहं कशाला, हा हिशेबी माणसाचा प्रश्न होता. बॅटरसीचा हॉल पाडायचा घाट घातला गेला, लोकांनी ओरड केली, तो वाचला. १९७४ पासून तो कलाकेंद्र म्हणून चालू लागला: नाटकं, मुलांसाठी खेळ, वस्तीतल्या लोकांचे कार्यक्रम. १३ मार्च २०१५ ला मोठ्या दालनाला आग लागली आणि छत कोसळलं. पुन्हा बांधताना त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. जळलेल्या भिंतींचे व्रण लपवले नाहीत, आणि जुन्या छतावरची प्लास्टरची नक्षी प्लायवूडमध्ये जाळीदार करून पुन्हा आणली. त्या जाळीमुळे दिवे टांगण्याची आणि आवाजाची सोय आधीपेक्षा चांगली झाली. २०१८ साली दालन उघडलं. त्यांनी दालनाचे दोन मजले केले नाहीत, खोल्या पाडल्या नाहीत.

हेच मला सांगायचं आहे. जुन्या हॉलचा शत्रू पाऊस नाही, वाळवीसुद्धा नाही. त्याचा शत्रू पार्टिशन.

हॉल आधीचा, कचेरी नंतरची, हा क्रम आपण इथं विसरतो. सरकारी इमारत रिकामी झाली की तिच्यात कोणतं तरी दुसरं कार्यालय घुसतं. त्याला साहेबांची केबिन हवी, मग बाबूंच्या केबिनी, मग रेकॉर्ड रूम. प्लायच्या भिंती उभ्या राहतात, एसीसाठी फॉल्स सीलिंग ठोकलं जातं. बाहेरून इमारत तशीच दिसते, आतला हॉल मेलेला असतो. हल्ली याला आणखी एक निमित्त मिळालं आहे: अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना जागा हवी, यात वादच नाही. पण त्यासाठी हॉलभर खुराडी केली तर पोरांना उकाडा मिळतो आणि गावाचा हॉल जातो.

उकाडा का, ते सांगतो. आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. वीज येण्याआधी हॉल बांधणाऱ्यांनी त्यावर उपाय उंचीत शोधला होता. गरम हवा हलकी, ती वर जाते. छत उंच ठेवलं आणि छताखाली झरोके दिले की ती तिथून निघून जाते, आणि खाली दारंखिडक्यांतून त्यामानानं गार हवा आत ओढली जाते. वर लाकडी कैच्या, त्यावर कवेलू. कवेलूंच्या फटींतूनही हवा खेळते. दहा फुटांवर फॉल्स सीलिंग मारलं की हा सगळा भाता बंद पडतो. मग एसी लागतो, एसीचं बिल लागतं, बिल भरायला कुणी नसलं की कुलूप लागतं.

दुसरी गोष्ट भिंतींची. या भिंती चुन्यात बांधलेल्या. भाजलेला चुना विझवून, वाळू घालून, बैलांच्या घाण्यात मळून तयार होई. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा दगड होतो. त्याला वर्षं लागतात. त्यात बारीक छिद्रं राहतात, म्हणून भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर वाळून जातं. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट फासला की ओल आत कोंडते. पाण्यातले क्षार पृष्ठभागापाशी येऊन साचतात, लोणा धरतो, पोपडे सुटतात. मग इंजिनियर सांगतो, "इमारत जीर्ण झाली, पाडावी लागेल." इमारत जीर्ण झालेली नसते, तिचा श्वास कोंडलेला असतो. चुन्याचा गिलावा करणारे गवंडी आता थोडे राहिले आहेत, काम महाग पडतं, हेही खरं. पण पाडून बांधण्याच्या खर्चाशी ते ताडून पाहायला काय हरकत?

जुन्या हॉलवर हमखास होणारी तक्रार मात्र वेगळीच असते: आवाज घुमतो. भाषण ऐकू येत नाही. ही तक्रार खरी आहे, आणि तिचं उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मिळालेलं आहे.

१८९५ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह झालं, त्यात शिक्षकाचं बोलणंच कळेना. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्यानं शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक करून ठेवल्या, ऑर्गनच्या नळीचा सूर काढला आणि तो विरायला किती सेकंद लागतात ते मोजलं. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत. रात्रीमागून रात्री हा उद्योग चालला. त्यातून निघालेलं सूत्र साधं आहे: खोलीचं घनमीटरातलं आकारमान घ्या, त्याला ०.१६ नं गुणा, आणि खोलीतल्या ध्वनिशोषणानं भागा. येतात ते सेकंद.

समजा, हॉल २० मीटर लांब, १० मीटर रुंद, ७ मीटर उंच आहे. आकारमान १,४०० घनमीटर. गुळगुळीत भिंती, फरशी, थोडं लाकूड मिळून शोषण साठ एकक धरू. घुमणं जवळजवळ पावणेचार सेकंदांचं झालं; एक शब्द विरायच्या आत पुढचे दहा शब्द त्यावर येऊन पडतात. आता त्याच हॉलात तीनशे माणसं बसवा. प्रत्येक माणूस कपड्यांसकट सुमारे ०.४५ एकक आवाज गिळतो. शोषण १९५ वर गेलं, घुमणं सव्वा सेकंदाच्याही खाली आलं. बोललेलं स्वच्छ कळायला हे पुरेसं. म्हणजे हॉलात आवाज घुमतो तो बहुतेक वेळा हॉल वाईट म्हणून नव्हे, रिकामा म्हणून. भरत नसेल तेव्हा जाड पडदे लावावे, सतरंज्या अंथराव्या, भिंतीवर कापडी चौकटी टांगाव्या. ठोकायचं काहीच नाही, सगळं काढून नेता येईल असं.

'काढून नेता येईल असं' हे शब्द मुद्दाम वापरले. ऑस्ट्रेलियातल्या बुर्रा गावी १९७९ साली वारसा जपणाऱ्यांनी एक सनद केली. तिचा एक कणा हाच आहे: जुन्या वास्तूला साजेसा नवा वापर द्या, आणि जे बदल कराल ते उद्या मागं घेता येतील असे ठेवा. घडीच्या खुर्च्या, सरकते पडदे, चाकांवरची पुस्तकांची कपाटं. सकाळी अभ्यासिका, दुपारी बचत गटाची बैठक, संध्याकाळी तालीम, निवडणुकीला मतदान केंद्र. एक हॉल दिवसात चार रूपं घेऊ शकतो, तो मोकळा असला तर.

आता गोंदियाकडे. ग्रीक खांबांचा टाऊन हॉल म्हणून मिरवावी अशी इमारत आमच्याकडे नाही. गोंदिया वाढलं रेल्वेनं. १८८० च्या दशकात नागपूर–छत्तीसगड लाइन आली, मग बंगाल-नागपूर रेल्वे, मग जबलपूरकडे आणि चांद्याकडे जाणाऱ्या छोट्या गाड्या. लाख, डिंक, विडी, धान, भातगिरण्या असा व्यापार जमला आणि १९१९ साली नगरपालिका झाली. त्यानंतर याच नगरपालिकेनं राज्यं पाहिली: मध्य प्रांत, मग मध्य प्रदेश, १९५६ ला द्विभाषिक मुंबई, १९६० ला महाराष्ट्र. भंडाऱ्यातून वेगळं होऊन १ मे १९९९ ला जिल्हा झाला. कागदावरचे शिक्के बदलले, टेबल तेच.

जिल्हा झाला की नव्या कचेऱ्या होतात आणि जुन्या मोकळ्या होतात, हे सगळीकडेच घडतं. नगरपालिकेच्या जुन्या शाळा, धर्मशाळा, जनपद सभेच्या काळातल्या इमारती, जमीनदारांचे वाडे, तालुक्यातल्या जुन्या कचेऱ्या: या पिढीतल्या वास्तू आता शंभरीच्या आगेमागे आहेत. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंची यादी आणि नियम आहेत. लहान गावातली कवेलूची कचेरी अशा यादीत सहसा सापडत नाही. तिला वाचवायचं तर कायद्याची वाट पाहून भागणार नाही.

"आमच्याकडे मंडई आहे, हॉल कशाला?" असं कुणी म्हणेल. मलाही मंडईचा अभिमान आहे. झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा वैनगंगेच्या दोन्ही काठांनी ती आपली मानली. पण मंडई कोरड्या दिवसांची. जून ते सप्टेंबर बाराशे-तेराशे मिलीमीटर पाऊस पडतो तेव्हा आखर चिखलाचा असतो आणि शेतात रोवणी चाललेली असते. त्या चार महिन्यांत गावानं बसायचं कुठं? समाजमंदिरात, हे उत्तर असायला हवं. आणि समाजमंदिराची किल्ली कुणाकडे, हे विचारायला गेलं की तीन नावं निघतात आणि तिघंही बाहेरगावी असतात.

तेव्हा किल्ली हा अर्धा प्रश्न आहे. दिवे, पाणी, बायकांसाठी वेगळं आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह, रोज ठरलेल्या वेळी दार उघडणारा एक पगारी माणूस, भाड्याचा दर भिंतीवर लावलेला. लग्नाला एक दर, ग्रंथालयाच्या कार्यक्रमाला नाममात्र. निर्णय घ्यायला समिती, आणि त्या समितीत हॉल वापरणाऱ्यांना जागा. यात वारशाचं काही नाही, साधी घरकामाची शिस्त आहे. पण बहुतेक केंद्रं बंद पडतात ती हिच्याअभावी.

पुढच्या मंडईला गावी गेलात की सोबत मोजपट्टी न्या. गावातली सर्वांत जुनी सार्वजनिक इमारत उघडायला लावा, हॉलच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा आणि ती विरायला किती सेकंद लागतात ते मोजा. लांबी, रुंदी, उंची वहीत लिहून घ्या, चार फोटो काढा. मग नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावे एक अर्ज द्या: दुरुस्ती चुन्यानं करा, झरोके उघडा, आणि हॉलात पार्टिशन घालू नका.